थोरली रायफल, धाकटे काडतूस

— एक छात्रसैनिक, द्वितीय वर्ष कला

आपल्या कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय छात्रसेनेची परेड चालते, ती सर्वांना दिसते. बुटांचा एकसाथ आवाज, पंधरा ऑगस्टची मानवंदना हे सारे डोळ्यांसमोर घडते. परंतु छात्रसैनिकाच्या शिक्षणाचा एक भाग कॉलेजपासून दूर, गावाबाहेरच्या चांदमारीवर चालतो आणि त्याविषयी मित्रमैत्रिणींमध्ये बरेच गैरसमज आहेत. ‘तुमची ती टू-टू म्हणजे खेळण्यातलीच बंदूक ना?’ हा प्रश्न मला वर्गात किती वेळा विचारला गेला, याची गणती नाही. उलट, ‘मुलींच्या हाती सैन्याची रायफल देतातच कशी?’ असे विचारणारेही भेटतात. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच वस्तूत दडलेले आहे. ती वस्तू म्हणजे जेमतेम एक इंच लांबीचे, पॉइंट टू-टू नावाचे काडतूस.

मोठ्या रायफलीवर थोड्या अंतरात सराव करता यावा म्हणून कमी ताकदीचे काडतूस वापरण्याची युक्ती शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. ती का निघाली, कशी चालते, आणि तिने काय शिकवता येते व काय येत नाही, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

अडचण काय होती?

जुन्या हिंदी चित्रपटांतील पोलिसांच्या हाती दिसणारी थ्री-नॉट-थ्री रायफल आपणांस ठाऊक असते. पहिल्या महायुद्धापासून तिच्यात जे काडतूस वापरात होते, त्याची गोळी १७४ ग्रेन म्हणजे सुमारे सव्वाअकरा ग्रॅम वजनाची. ती नळीतून सेकंदाला २,४४० फूट, म्हणजे सुमारे ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते. टू-टूची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, आणि तिचा वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास असतो.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतिज ऊर्जेचे सूत्र आपण सर्वांनी पाठ केले होते. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणायचे व दोनने भागायचे. मी कला शाखेची विद्यार्थिनी असले तरी हे गणित वहीत मांडून पाहिले. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीची ऊर्जा येते सुमारे ३,१०० ज्यूल आणि टू-टूच्या गोळीची सुमारे १४०. म्हणजे थोरलीत धाकटीच्या बावीस पट जोर! खांद्याला बसणारा धक्का मात्र ऊर्जेवर नव्हे, तर वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. तो गोळीपुरता मोजला तरी थोरलीचा जवळजवळ दहापट भरतो. शिवाय तिच्या दारूच्या वायूचा झटका निराळाच.

आता नवशिक्याला अशी रायफल शिकवायची म्हणजे काय काय हवे? गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, म्हणून तेवढी मोकळी जमीन हवी किंवा पाठीमागे उंच डोंगर हवा. काडतूस महाग, म्हणून खर्चाची तयारी हवी. शहरातल्या पलटणीला तर अशी जागा मिळणे दुरापास्तच. यापेक्षाही मोठी अडचण शिकणाऱ्याच्या मनाची. पहिल्याच बाराला कानठळ्या बसल्या आणि खांदा दुखावला, की दुसऱ्या बाराच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि खांदा आपोआप मागे सरतो. ही खोड एकदा अंगात शिरली की काढणे फार कठीण जाते.

ही अडचण इंग्रजांच्या सैन्याला एकोणिसाव्या शतकातच जाणवली होती. १८७१ साली त्यांनी स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल ४८० ग्रेनची शिशाची गोळी आणि ८५ ग्रेन काळी दारू वापरीत असे. तिचा धक्का सैनिकांत कुप्रसिद्ध होता.

तोडग्याच्या चार वाटा

पहिली वाट म्हणजे नळीत नळी. रिचर्ड मॉरिस नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८८० च्या दशकात एक बारीक पोलादी नळी पुढे आणली. ती मोठ्या रायफलीच्या नळीत सरकवून बसवायची आणि तिच्यातून चिमुकले काडतूस उडवायचे. रायफल तीच, वजन तेच, नेम धरण्याची साधने तीच. फक्त गोळी बारीक. ‘मॉरिस ट्यूब’ या नावाने ती इंग्रज सैन्यात रूढ झाली. पुढे जर्मनांनी त्यांच्या माउझर रायफलीसाठी अशीच आत सरकवण्याची नळी केली. तिची गोळी तर अवघ्या चार मिलिमीटरची होती.

दुसरी वाट म्हणजे रायफलच कायमची बदलून घेणे. यासाठी सोयीचे काडतूस अमेरिकेत तयार झाले होते. आज जगभर ‘टू-टू लाँग रायफल’ म्हणून ओळखले जाणारे हे काडतूस १८८७ साली निघाले. याची एक गंमत आहे. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मधोमध एका छोट्या टोपीत असतो. टू-टूमध्ये तो बुडाच्या काठाच्या घडीत भरलेला असतो. म्हणून मोठ्या रायफलीतली मधोमध आपटणारी पिन इथे निरुपयोगी ठरते. नळी तर बदलावी लागतेच, शिवाय पिन काठावर आपटेल असा बोल्टचा पुढचा भागही बदलावा लागतो. थ्री-नॉट-थ्रीत टू-टूचे काडतूस नुसते घालून उडवता येत नाही, ते यामुळेच. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, इंग्रजांनी ली-एनफिल्डची अशी बदललेली सराव-रायफल अधिकृतपणे स्वीकारली. छात्रसेनेत ‘बी. ए. रायफल’ म्हणून जिची ओळख करून दिली जाते, ती याच कुळातली. वजन साडेआठ पौंडांहून थोडे अधिक. बी. ए. करणाऱ्या मुलीच्या हाती बी. ए. रायफल, हा विनोद आमच्या तुकडीत जुना झाला आहे! ‘डीलक्स’ नावाची दुसरी टू-टू तिच्यापेक्षा बरीच हलकी असते.

तिसरी वाट अमेरिकन सैन्याने चोखाळली. त्यांनी मोठ्या काडतुसाच्या हुबेहूब आकाराची पोलादी पुंगळी केली आणि टू-टूचे छोटे काडतूस तिच्या पोटात बसवले. रायफलीची नळी टू-टूची, पण सैनिकाच्या हाताला मोठेच काडतूस भरल्याचा भास. त्यामुळे मॅगझिन भरणे, बोल्ट ओढणे, रिकामी पुंगळी बाहेर फेकणे या साऱ्या हालचालींचा खरा सराव होई. दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून या योजनेला हॉफर-थॉम्पसन असे म्हणत.

चौथी वाट अलीकडची. रायफल तशीच ठेवायची आणि गोळी हलकी करायची. पश्चिम जर्मनीच्या सैन्याने ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीसाठी निळ्या प्लॅस्टिकची सराव-काडतुसे वापरली. त्यांची गोळी एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाची. ती वेगाने सुटते, पण हलकी असल्याने हवा तिला लवकर अडवते आणि काही शेकडो मीटरांतच तिचा जोर सरतो. वाऱ्यावर फेकलेला दगड आणि फेकलेले शेंगाचे टरफल यांतला जो फरक, तोच हा. मात्र एवढ्या थोड्या जोरावर त्यांची स्वयंचलित रायफल चालेना, म्हणून तिच्यासाठी निराळा बोल्ट बसवावा लागे.

इथे एक खुलासा अवश्य करायला हवा. चित्रीकरणात किंवा मानवंदनेत उडवतात ती ‘ब्लँक’ काडतुसे निराळी. त्यांत गोळीच नसते. आपण पाहतो आहोत त्या काडतुसांत गोळी असते. ताकद कमी म्हणजे ताकद नाही, असे नव्हे. टू-टूची गोळी माणसाचा जीव घेऊ शकते. तिला खेळणे म्हणणाऱ्यांनी एवढे एक वाक्य जरी ध्यानात ठेवले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

कोणाला शिकवायचे, कोणाला नाही

या चिमुकल्या काडतुसाचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध झाले. बोअर हे शेतकरी; लहानपणापासून शिकारीवर वाढलेले आणि अचूक नेमाचे. त्यांच्यापुढे इंग्लंडच्या गिरण्यांतून व कचेऱ्यांतून आलेल्या शिपायांची फजिती झाली. तेव्हा इंग्लंडमध्ये टू-टूवर सराव करणारे क्लब गावोगाव निघू लागले. १९०१ मध्ये त्यांची संस्था स्थापन झाली आणि लॉर्ड रॉबर्ट्स या सेनापतीने या चळवळीचा मोठा पुरस्कार केला. कामगाराने दिवसभराचे काम संपवून संध्याकाळी एखाद्या सभागृहात किंवा तळघरात पंचवीस यार्डांवर नेमबाजी शिकावी, ही त्यामागची कल्पना. गरिबाला परवडेल असे हे एकच काडतूस होते.

हे लॉर्ड रॉबर्ट्स जन्मले कुठे? आपल्या कानपुरात, १८३२ साली! आणि त्याच इंग्रज सरकारने १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा करून हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास बंदी केली होती, तर युरोपियनांना त्यातून सूट दिली होती. म्हणजे लंडनच्या मजुराने नेमबाजी शिकावी यासाठी क्लब, आणि इथल्या शेतकऱ्याने बंदुकीला हात लावू नये यासाठी कायदा! एकाच राज्याचे हे दोन न्याय.

हिंदी विद्यार्थ्यांसाठी दार किलकिले झाले ते पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये विद्यापीठांतून ‘युनिव्हर्सिटी कोअर’ सुरू झाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. ज्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्या घरातली मुलगी आज सरकारी रायफल खांद्याला लावून नेम शिकते, यामागे एवढा मोठा पल्ला आहे. मला तो परेडच्या आवाजात कधी कळला नव्हता. काडतुसाची माहिती शोधताना कळला.

पंचवीस यार्डांत काय शिकता येते?

पंचवीस यार्ड म्हणजे जवळजवळ तेवीस मीटर. एवढ्या जवळून नेम लागला तर त्यात नवल काय, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्यही त्याच प्रमाणात लहान केलेले असते. सहा फूट उंचीचा माणूस तीनशे यार्डांवर जेवढा दिसतो, तेवढाच पंचवीस यार्डांवर सहा इंचांचा आकार दिसतो. कारण अंतर बारा पटीने कमी, म्हणून आकारही बारा पटीने कमी. डोळ्याला दोन्हींत भेद करता येत नाही. म्हणून नेम धरण्याची, श्वास रोखण्याची आणि चाप हळुवार ओढण्याची परीक्षा दोन्हीकडे सारखीच होते.

आमचे शिक्षक लष्करातले हवालदार. त्यांना आम्ही ‘उस्ताद’ म्हणतो. त्यांच्या हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्ही मुली गोंधळलो, कारण आमच्या लेखी शिस्त म्हणजे रांगेत उभे राहणे! मराठीच्या सरांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की हा शब्द मूळ फारसी असून नेम हा त्याचा जुना अर्थ मराठीतही होता. म्हणजे आपण शाळेत ज्या शिस्तीवरून छड्या खाल्ल्या, ती मुळात बंदुकीच्या नळीवरून आली.

शिकवणीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी काडतुसाशिवाय कित्येक दिवस नुसता चाप ओढायचा. नळीवर नाणे ठेवून चाप ओढला आणि नाणे पडले नाही, म्हणजे हात स्थिर झाला. मग चांदमारीवर पोटावर पालथे पडून पाच गोळ्या. त्या मधोमध लागल्या की नाही, हे उस्ताद आधी पाहतच नाहीत. ते पाहतात, पाचही भोके एकमेकांजवळ आहेत की नाहीत. याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात. भोके एकत्र आणि बाजूला असतील, तर रायफलीची साधने थोडी सरकवून दुरुस्ती होते. पण भोके विखुरलेली असतील, तर दोष नेमबाजाचा. तिथे रायफल सरकवून काही उपयोग नाही. चूक सुद्धा एकसारखी असावी लागते, तरच ती सुधारता येते, हा धडा परीक्षेच्या अभ्यासालाही लागू पडावा.

काय शिकता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टू-टूची गोळी तेवीस मीटर जायला सेकंदाचे अवघे सात शतांश घेते. तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने इंचभरच खाली येते आणि वारा तिला ढकलायला वेळच मिळत नाही. तीनशे यार्डांवर मात्र थोरल्या रायफलीची गोळीही अर्ध्या मीटरहून अधिक खाली येते आणि आडवा वारा तिला बाजूला नेतो. अंतर ओळखणे, वारा जोखणे, धक्का सोसणे, आवाजाने न दचकणे या चार गोष्टी धाकट्या काडतुसावर शिकता येत नाहीत. म्हणून कोणत्याही सैन्याने सगळे शिक्षण टू-टूवर उरकले नाही. धाकट्या काडतुसाने हात आणि डोळा तयार करायचा आणि मग थोरल्याकडे जायचे, हीच रीत. ओढ्यात पोहायला शिकलेल्याला नदी सोपी जाते. पण ओढा म्हणजे नदी नव्हे.

आण्णांचा प्रश्न

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, शेळ्या राखतात. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी फायरिंगला जाणार म्हणून घरी सांगितले, तेव्हा आई घाबरली, चुलत्यांनी नाक मुरडले. आण्णांनी मात्र एवढेच विचारले, “गोळी पाटीला न्हाई लागली, तर जाती कुठं गं?”

मला वाटते, या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो एका शेळ्या राखणाऱ्याला पहिल्यांदा सुचला. कारण चांदमारीच्या पाठीमागे जो माळ असतो, तिथे आमच्यासारख्यांचीच जनावरे चरतात आणि आमच्यासारख्यांच्याच बायका सरपण वेचतात. तोफा-बंदुकांची गणिते करणारे समोरचे लक्ष्य पाहतात; माळावरचा माणूस लक्ष्याच्या मागे उभा असतो.

उत्तर असे. टू-टूची गोळी आडवी अडवली गेली नाही, तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. म्हणून लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध असतो आणि गोळी त्यात रुतावी अशी योजना असते. फायरिंग चालू असेतो लाल निशाण लावतात. हुकूम झाल्याशिवाय काडतूस भरायचे नाही, नळी सदैव लक्ष्याच्या दिशेला ठेवायची, आणि संपल्यावर रायफल रिकामी आहे हे उस्तादांना दाखवायचे. हे नियम मला आधी नुसते पाठांतर वाटत. आण्णांच्या प्रश्नानंतर त्यांतला प्रत्येक नियम माळावरच्या एखाद्या माणसासाठी केलेला आहे, असे दिसू लागले. कमी ताकदीच्या काडतुसाचा खरा मोठेपणाही मला इथेच दिसतो. त्याने सैन्याचा खर्च वाचवला हे खरेच, पण धोक्याचा पट्टा निम्म्याहूनही कमी केला, म्हणजे तेवढी जमीन गुराख्यांना मोकळी राहिली.

मूर्ती लहान

मोठ्या रायफलीचे दुय्यम साधन म्हणून वापरात आलेल्या या काडतुसाने पुढे स्वतःचे स्थान मिळवले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छोट्या काडतुसाच्या स्पर्धा झाल्या आणि आजही ऑलिंपिकची पन्नास मीटर रायफल स्पर्धा टू-टूवरच होते. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिच येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. दोघांच्याही रायफलीत होते ते हेच एक इंची काडतूस. आणि दारूगोळ्याशी महाराष्ट्राचे नाते तर जुनेच आहे. पुण्याजवळ खडकीचा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि भुसावळजवळ वरणगावलाही बंदुकांची काडतुसे तयार होतात.

आमच्यापैकी बहुतेक मुली छात्रसेनेतून बाहेर पडल्यावर पुन्हा कधी रायफल हाती घेणार नाहीत. मग हे शिकायचे कशाला, असे घरचे विचारतात. माझ्यापुरते उत्तर असे की, हाती आलेली शक्ती कुठे थांबते, याचा विचार चाप ओढण्याआधी करायचा असतो, हे मी चांदमारीवर शिकले. काडतूस धाकटे असले, तरी ती जबाबदारी थोरलीच आहे. म्हणून पुढच्या वेळी टू-टूला खेळणे म्हणण्याआधी लक्ष्याच्या मागचा माळ एकदा डोळ्यांसमोर आणावा, एवढीच माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे.